पिसाच्या नकाशात नदी नव्हती

११ सप्टेंबर, गुरुवार

ही डायरी एका जर्मन पाहुण्याच्या कोटात सापडली. कोरी होती. तीन महिने कुणी मागायला आलं नाही, म्हणून बुदीने मला देऊन टाकली. बुदी म्हणजे आमचा लाँड्री मास्टर, इंडोनेशियाचा. म्हणाला, यात लिही, म्हणजे मला कमी ऐकावं लागेल.

आज लिहायलाच पाहिजे, कारण मामाचा फोन आला. दौलतराव मामाचं बदलापूरला हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट कंपनीच्या स्कीममध्ये सगळ्या ठाणे जिल्ह्यात त्याच्या गोण्या सगळ्यात जास्त खपल्या. बक्षीस काय, तर चार माणसांना परदेशात जहाजाची सफर. मामा, मामी, त्यांची शलाका आणि माझी आई, विठा.

"भाच्या, कंपनीने दोन जहाजं दिली होती निवडायला. विठा म्हणाली, हेच. तुझ्या जहाजाचं नाव पाठ आहे तिला!"

आईला जहाजातलं काय कळतं? फोटोतला रंग बघून बोट ठेवलं असणार. पण माझी वाट लागली. कारण घरी मी सांगितलंय की मी जहाजावर टूर ऑफिसर आहे. पाहुण्यांना गावं दाखवतो.

खरं काय ते लिहितो, डायरीत खोटं लिहून फायदा नाही. आठवी नापास झाल्यावर मी उल्हासनगर कॅम्प पाचला जीन्स धुण्याच्या कारखान्यात होतो. कोपरापर्यंत हात निळे. एक दिवस डोकं फिरलं. गावी, चामटोलीच्या आमच्या अंगणात, आई आणि मामा दोघांच्या समोर बोललो, "यापुढे दुसऱ्याचा एक कपडा जरी धुतला तर चेतन नाव लावणार नाही." मग एजंटने जहाजावर 'हॉटेल डिपार्टमेंट'मध्ये लावलं. इथे आलो तर गळ्यापासून पायापर्यंतचा बॉयलर सूट हातात दिला आणि मशीन दाखवली. तीच गोल मशीन, फक्त तिप्पट मोठी.

त्याला दोन वर्षं झाली. आईला हे कळता कामा नये. मामाला कळलं तर तो बदलापूरभर हसेल, ते सोसेन. आईला नाही.

१९ सप्टेंबर

मामाचा परत फोन. दसरा झाला की निघणार. लिवोर्नो बंदराच्या दिवशी त्याला पिसाचा झुकलेला टॉवर बघायचाय.

"बक्षिसात जहाज आहे, खाली उतरून फिरायचं नाही. जहाजाची सहल वेगळी घ्यावी लागते म्हणे. मी म्हटलं, छे! घरचा माणूस तिथला टूर ऑफिसर आणि आपण परक्यांच्या बसमध्ये बसायचं? लोक काय म्हणतील? तू कर प्लॅन."

"टॉवरच का पण?"

"अरे, फाउंडेशन! माझा धंदाच तो. खाली उभा राहून फोटो काढणार, दुकानात लावणार. वर लिहिणार, आमचं सिमेंट असतं तर ही वेळ आली नसती."

लिवोर्नोला मी निदान तीस वेळा आलोय. मी बघितलंय काय? बंदराचं गेट, शटल बस आणि गावात एका दुकानामागचा बाक, जिथे फुकट वायफाय येतं. मीच नाही, सगळी लाँड्री तिथेच बसते. कुणीतरी विचारलं की इटली कशी आहे, तर आम्ही म्हणतो, सिग्नल चांगला आहे.

२४ सप्टेंबर

आयडिया सापडली. खिसे.

पाहुणे फिरून येतात आणि पॅन्ट धुवायला टाकतात. खिशात तिकिटं, हॉटेलची बिलं, नकाशे. नियमाने फेकायचे. मी पाच दिवस जमवतोय. ओले असतात, मग इस्त्रीच्या रोलरखालून काढतो, पापडासारखे कडक होतात. आज पिसाचा एक अख्खा नकाशा मिळाला. थोडा पुसट झालाय, पण स्टेशन आहे, टॉवर आहे. मधे पांढरं. म्हणजे सरळ चालत जायचं.

बुदी म्हणाला, "चेतन, तू दुसऱ्याच्या पॅन्टमधून प्रवास करतोस."

करतो. माझ्या पॅन्टमध्ये आहे काय?

२ ऑक्टोबर

दसरा. ड्रायरला झेंडूचं फूल वाहायला मिळालं नाही. फ्लॉवर शॉपमधून पिवळा गुलाब आणला, तो गरम हवेने दहा मिनिटांत पापड झाला.

प्लॅन लिहून झाला. ८.३० जहाज सोडणे. ९.०० शटल. ९.४० स्टेशन. १०.१५ पिसा. १०.४० टॉवर. १२.३० जेवण (मामीचे ठेपले). ३.०० परत. ४.३० जहाज. दार साडेपाचला बंद, सहाला निघतो. साध्या कागदावर लिहिला तर शंका येईल, म्हणून एका सूटच्या खोक्यातल्या जाड पुठ्ठ्यावर उतरवला. नकाशा मागच्या बाजूला चिकटवला.

५ ऑक्टोबर, रविवार

बार्सिलोनाला चौघं चढली.

लाँड्रीवाल्याला पाहुण्यांच्या मजल्यावर जायची बंदी आहे. पण सगळ्या ऑफिसरांचे युनिफॉर्म इस्त्रीला माझ्याकडेच येतात. थर्ड ऑफिसरचा पांढरा घातला. पॅन्ट लांब होती, आतून टाचणी मारली. पकडलो गेलो तर नोकरी जाणार हे माहीत होतं. पण आरशात बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे.

मामा लांबूनच ओरडला, "साहेब!" मामीने अख्ख्या डेकसमोर कानशिलावर बोटं मोडली. शलाका इंजिनिअरिंगला आहे. ती माझ्या छातीकडे बघत होती.

"चेतनदादा, बिल्ल्यावर आंद्रेया लिहिलंय."

"इटलीत चेतनला आंद्रेया म्हणतात," मी म्हणालो.

"असेल, असेल," मामा म्हणाला. "तिकडे सगळंच वेगळं."

आई पुढे आली. माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. मग बाही नाकाजवळ नेली. म्हणाली, "बारीक झालास." लहानपणापासून तिला वास घ्यायची सवयच आहे, भाजीचाही घेते.

मधेच एक गोरी म्हातारी येऊन विचारायला लागली की लाईफबोटीचं ट्रेनिंग कुठे आहे. मी म्हणालो, "येस मॅडम, टुमारो." सटकलो.

६ ऑक्टोबर

आईची केबिन ९२१७. आज तिथून धुण्याची पिशवी आली. आत एक लुगडं. घडीही मोडलेली नव्हती, अंगाला लागलेलंच नव्हतं. पदराच्या गाठीत नाचणीचे सहा लाडू.

आईचं वय झालं. धुतलेलं आणि न धुतलेलं यातला फरक कळेनासा झाला तिला. खायची वस्तू सापडली तर फेकायची असा नियम आहे. चार मी खाल्ले, दोन बुदीने. बुदीने विचारलं, ९२१७ चा पाहुणा रोज कपडे देणार का?

७ ऑक्टोबर

आज परत पिशवी आली. तेच लुगडं! या वेळी गाठीत कोकम तेलाचा गोळा. टाचांच्या भेगांना आणला असेल बिचारीने आणि इकडेच राहिला. परत कसा करणार? टूर ऑफिसरकडे धुण्याची पिशवी येईलच कशी? पावडरने बोटं फुटलीत म्हणून थोडा लावला. मग थोडा म्हणता म्हणता अर्धा संपवला. रात्रभर आग होत नाही त्याने.

संध्याकाळी परत पांढरे कपडे घालून वर गेलो. पुठ्ठा दिला. मामाने दोन्ही हातांनी घेतला, लग्नपत्रिका घेतात तसा.

शलाका म्हणाली, "बाबा, मी इथल्या वायफायवर वाचलंय. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. सरळ निघून जातं."

मामा माझ्याकडे बघायला लागला. हे मला ठाऊक होतं, पण प्लॅनमध्ये लिहायचं राहिलं होतं.

"म्हणजे कसं?" मामी म्हणाली. "सामान आत असलं तरी?"

"सामान आत असलं तरी."

"आणि माणूस आत असलं तर?" मामाने विचारलं.

मामाने पुठ्ठ्यावर टिचकी मारली. "चामटोलीवरून बाजाराला जाताना आपण काय करतो? जीपवाला भरली की सोडतो. मग एक म्हातारी आधी जाऊन पुढच्या सीटवर बसते. गाठोडं मांडीवर. म्हातारी बसली की ड्रायव्हरचा बाप गाडी हलवत नाही, आपण सावकाश चहा पिऊन येतो. आजवर कधी गाडी चुकलीय?"

"अहो, ती जीप, हे जहाज," मामी म्हणाली.

"ड्रायव्हर माणूसच ना?"

आई लगेच म्हणाली, "मी बसते."

"ताई, तुम्ही एवढ्या लांब आलात आणि टॉवर नाही बघणार?" मामी म्हणाली.

"वाकडं घर काय बघायचं. आपल्याकडं पुष्कळ हायत." मग माझ्याकडे वळली. "तू कुठं असशील तवा?"

"ऑफिसात."

"कितव्या माळ्यावर?"

"खाली."

"किती खाली?"

मला वाईट वाटलं. बाईने जग बघायचं सोडलं, आमच्यासाठी. शलाकाला मी बाजूला घेऊन म्हणालो, फोनमध्ये नकाशा ठेव. ती म्हणाली, खाली उतरलं की नेट नाही, बाबांनी सिमकार्ड घेऊ दिलं नाही. घरचा माणूस असताना मशीनला रस्ता विचारणं मामाला अपमान वाटतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी लाँड्रीच्या गोल खिडकीतून तिघांना शटलमध्ये चढताना बघितलं. मामाच्या हातात पुठ्ठा, पाठीवर सॅक. आता ते परत येईपर्यंत माझ्या हातात काही नाही. टॉवेल मोजले, चादरी मोजल्या, परत मोजल्या.

साडेचार. आलेले नाहीत. पाच. नाहीत. खिडकीतून फक्त जेट्टी दिसते आणि जेट्टीवर समुद्रपक्षी. मी चादरीच्या मशीनमध्ये टेबलक्लॉथ भरले. बुदीने ते बाहेर काढले.

साडेपाच. पावणेसहा. स्पीकरवर तीन नावं पुकारली. 'दौलतराव' चं त्या बाईने जे केलं ते ऐकून मामा स्वतःसुद्धा उठला नसता.

मी हिशेब लावला. जहाज गेलं तर मामा, मामी, शलाका परक्या गावात, सिमकार्डाशिवाय, ठेपले संपलेले. पुढच्या बंदरात चौकशी होणार. पुठ्ठ्यावर अक्षर माझं. मग खिसे, मग युनिफॉर्म, मग लाँड्री. आणि आई ते सगळं एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकणार.

तेवढ्यात लाँड्रीचा फोन वाजला. बुदीने ऐकलं आणि माझ्याकडे धरला. सिक्युरिटीचा थापा होता, नेपाळचा.

"चेतन, तू मराठी है ना? जल्दी ऊपर आ. एक माताजी गेट में बैठ गयी है. मैं हिंदी में बोल रहा हूँ, उनको हिंदी आती ही नहीं."

आई उल्हासनगरच्या सिंधी बायकांना पंधरा वर्षं भाजी विकते. हिंदीत भांडते, सिंधीत मोजते. घाबरून विसरली असणार, दुसरं काय.

कपडे बदलायला वेळ नव्हता. बॉयलर सूट, पुढून भिजलेला, डोक्याला फडकं. तसाच जिना चढलो.

जहाजाच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर, आई एक पाय दुमडून बसली होती. मांडीवर गाठोडं. दुसरा पाय शिडीवर. समोर थापा हात जोडून, मागे दोन गोरे ऑफिसर, आणि त्यातला एक खरा आंद्रेया.

"बोल उनको," थापा म्हणाला. "सीढ़ी उठानी है. माताजी हिलती नहीं."

"आई," मी म्हणालो. "ऊठ. जहाज सुटायची वेळ झाली."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. फडकं, सूट, बूट. दचकली नाही. मला वाटतं ऊन डोळ्यांवर होतं, नीट दिसलं नसेल.

"दौलत आला?"

"नाही."

"मंग सुटंल कसं?" शेजारच्या लोखंडावर हात थोपटला. "बस इथं."

"आई, हे सगळे साहेब आहेत."

"ते उभेच हायत. तू बस."

मी बसलो. आता दाराला दोन माणसं झाली. आंद्रेयाने घड्याळ बघितलं आणि वायरलेसवर कायतरी बोलला. वरून कायतरी उत्तर आलं. तो परत बोलला, या वेळी हात हलवून हलवून. थापा कानात म्हणाला, "पाँच मिनट दिया. उसकी भी माँ है बोलता है."

पाचची सहा झाली, सात झाली. आणि मग जेट्टीच्या टोकाकडून आवाज आला, फटफटफट. तीन चाकांची आपे टेम्पो. आमच्या गावाकडे बुवापाड्याच्या नाक्यावर उभी असते तशीच, फक्त निळी आणि मागे कोबी भरलेली. कोबीवर मामी आणि शलाका. मामा पुढे, एका म्हाताऱ्या इटालियनला चिकटून, बाहेर हात काढून ओरडत, "थांब रे! थांब!"

गेटवरून आत सोडली कशी, ते कुणालाच कळलं नाही. शलाका म्हणते, शटल चुकली म्हणून बाबांनी रस्त्यात आपेला हात दाखवला; गेटवरचा माणूस हसत होता आणि बाबांनी त्याला दुकानाची कीचेन दिली.

शिडीवरून मामा धापा टाकत आला. पहिलं मला बघितलं.

"भाच्या, हा काय अवतार?"

आई उठत म्हणाली, "जहाज अडवायचं म्हणजे कामाचे कपडे लागतात. चढ गपचूप वर."

"अस्सं!" मामाने मान डोलावली. मग त्याची नजर आंद्रेयाच्या बिल्ल्यावर पडली. आनंदाने त्याचा हात धरून गदागदा हलवला. "अरे वा! म्हणजे तुम्ही पण चेतन!"

शिडी उचलली. सहा वाजून अकरा मिनिटं.

रात्री शलाकाने चिठ्ठी पाठवली, थापाच्या हाती. तिची हकिगत अशी: पिसा स्टेशनवरून सरळ चालले तर वीस मिनिटांत मोठी नदी. मामा काठावर थांबला. पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला. नकाशात नदी नाही. म्हणजे ही जागा नाही. शलाका म्हणाली, बाबा, पलीकडे टॉवरची पाटी दिसतेय. मामा म्हणाला, "तो रोज इथे लोकांना फिरवतो. नदी असती तर त्याने लिहिली नसती?" परत स्टेशनला. दुसऱ्या बाजूने दीड तास गोदामांत फिरले. ठेपले एका सिमेंटच्या गोदामाबाहेर बसून खाल्ले, तिथे मामाने गोणीचा भाव पण विचारला. मग कुत्रं घेऊन फिरणाऱ्या एका बाईने मामीचा हात धरून सगळ्यांना पुलावरून नेलं.

टॉवरला पोचले साडेतीनला. आता तरी फोटो काढून निघायचं, तर मामाने सॅकमधून ओळंबा काढला. गवंडी भिंतीला लावतात तो, दोरीला लटकवलेला. दुकानातून आणला होता. "ओळंब्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही." जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, तास लावला. भोवती माणसं जमली. ती एका अंगाला हात धरून टॉवर ढकलल्याचे फोटो काढत होती, ती मामाचे काढायला लागली. शलाकाने जहाजाची आठवण करून दिली, तर मामा म्हणाला, "विठा बसलीय ना."

नदी मी धुतली असेल का? कुठल्या तारखेच्या खेपेत ते काही आठवत नाही.

९ ऑक्टोबर

स्टाफ कॅप्टनने बोलावलं. इंग्रजी कागद होता, बुदीने वाचून सांगितला: पाहुण्यांच्या दारात बसल्याबद्दल लेखी ताकीद. फक्त बसल्याबद्दल. युनिफॉर्मचं नाव नाही, आंद्रेया काही बोलला नसावा. सही केली. नोकरी आहे.

पण खोटं उघडं पडलं. तो बॉयलर सूट! पाच मिनिटं आधी फोन आला असता तर बदलून गेलो असतो आणि आईला काही म्हणजे काही कळलं नसतं. कोबीची आपे यायच्या आधी आम्ही दोघं दारात बसलो होतो, तेव्हाचं काल लिहिलं नाही. आज लिहितो.

आईने माझा हात तिच्या मांडीवर घेतला होता. समोरच्या जेट्टीकडे बघत, मला न बघता, विचारलं, "दिवसाला किती व्हतात रं?"

"काय?"

"टावेलं."

आता काय लपवणार? "चार हजार," मी म्हणालो. "चादरी वेगळ्या."

"चार हजार." ती एकेक टॉवेल मोजल्यासारखी हळू बोलली. ओरडली नाही, रडली नाही. अंगणातल्या शब्दाचं नाव काढलं नाही. मी वाट बघत होतो, कधी काढते.

"आन वाळवता कुठं? चार दिस झालं, सगळे माळे फिरले मी. एक दोरी दिसली नाय."

"मशीनमध्ये वाळतात. गरम हवेने."

"उन्हाबिगर?"

"उन्हाबिगर."

मागे आंद्रेया वायरलेसवर भांडत होता. मग तिने गाठोडं पलीकडे ठेवलं, स्वतः दाराच्या सावलीत सरकली आणि तिच्या जागेवर हात थोपटला. तिथे लोखंडावर वीतभर ऊन पडलं होतं.

"हिकडं ये जरा," ती म्हणाली. "दौलत येईस्तोवर."

मी सरकलो.